तिसऱ्यांदा विचारल्यावर

३ जानेवारी २०२२, सोमवार

शून्याखाली बावीस. वारा वायव्येचा.

बियाणं कंपनीने यंदाही ऑर्विनच्या नावाने डायरी पाठवली आहे. माझा नवरा जाऊन अकरा आठवडे झाले हे त्यांना कुणी कळवलं नाही, म्हणजे मीच कळवलं नाही. एकेचाळीस वर्षं तो रोज एक ओळ लिहायचा. फॅरेनहाइटमधलं तापमान, वारा, आणि फारच झालं तर 'गाय व्याली'. कोरी वही फेकून देणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून आता मी लिहिणार. रोज नाही. रोज लिहिण्यासारखं साउथ डकोटात काही घडत नाही.

दुपारी हार्लन आला. माझा थोरला भाऊ, राज्याचा सिनेटर. कॉफी विचारली. "नको, आत्ताच घेतली." पुन्हा विचारली. "कशाला उगाच त्रास." तिसऱ्यांदा विचारली तेव्हा म्हणाला, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." मग तीन कप प्यायला. आम्ही सगळे असेच वाढलो. पहिल्याला हो म्हणेल तो हावरट, दुसऱ्याला हो म्हणेल तो उतावळा, आणि तिसऱ्याला हो म्हणेल तो चांगल्या घरचा.

काम असं होतं. गरिबांचा सरकारी आरोग्य विमा वाढवायचा, कमी कमाईच्या धडधाकट माणसांनाही द्यायचा, असा ठराव नोव्हेंबरात मतदानाला येणार आहे. विधिमंडळाने इतकी वर्षं नको म्हटलं. वॉशिंग्टन बहुतेक खर्च उचलतं म्हणालं, तरी नको म्हटलं. म्हणून ती मंडळी सह्या गोळा करून थेट लोकांकडे निघाली आहेत. हार्लनला आमच्या काउंटीत विरोधाची बाजू सांभाळायला माणूस हवं होतं.

"आर्डी, तुझ्याशिवाय कोण आहे?"

"मला भाषण येत नाही."

"तुला गप्प बसता येत नाही. तेवढं पुरे."

तिसऱ्या वेळी मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. अठ्ठावीस वर्षं चर्चच्या तळघरात मदतीची जेवणं मी चालवते आहे. कुणाला कॅन्सर होतो, कुणाचं मूल हृदयाचं दुखणं घेऊन जन्मतं. आम्ही पॅनकेक आणि सॉसेज करतो, वर केकचा लिलाव. अख्खं गाव येतं, जेवतं, त्या घरासाठी पैशांची पेटी भरून जातं. शेजारी असताना सरकार कशाला? प्रचाराच्या पाट्या बर्फ वितळला की येतील. पहिली माझ्या अंगणात.

२० फेब्रुवारी, रविवार

शून्याखाली चार. ऊन.

नव्या पाद्रीबाईंनी आज हद्द केली. रेनाटा त्यांचं नाव, अ‍ॅरिझोनाहून आल्या आहेत, वय जेमतेम पस्तीस. प्रार्थनेनंतर मी लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे केलं आणि म्हटलं, "घ्या ना." तर म्हणाल्या, "हो, आवडेल!" आणि उचलली. पहिल्याच हाकेला! ताट धरलेला माझा हात तसाच राहिला. मागे बायकांत जी शांतता पसरली ती अख्ख्या प्रवचनात नव्हती.

वडी संपवून त्यांनी विचारलं, "चर्चच्या उताराला कठडा का नाही? म्हातारी माणसं घसरतील."

सांगावंच लागलं. कठडा होता. वेंडेल टीडीने केलेला. वेंडेल हा माझा सख्खा शेजारी, वेल्डर. हात सोन्याचा आणि तोंड गटाराचं. त्याने कठडा फुकट बसवून दिला आणि आमच्या मंडळाने तो पांढरा रंगवावा की काळा यावर तीन सभा घेतल्या. तिसऱ्या सभेच्या दुसऱ्या दिवशी वेंडेल गॅसकटर घेऊन आला, कठडा मुळापासून कापला आणि गाडीत टाकून घरी घेऊन गेला. त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तो चर्चमध्ये नाही आणि चर्च त्याच्या तोंडी नाही, शिवी देताना सोडून.

पाद्रीबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

हार्लनला उन्हाळ्यातल्या मेळाव्यासाठी यादी हवी आहे, आम्ही कुणाकुणासाठी जेवणं केली त्यांची. संध्याकाळी लिहून काढली. एकतीस नावं. पाद्रीबाईंना अभिमानाने दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि ज्यांच्यासाठी नाही झालं त्यांची यादी कुणाकडे असते?"

बाहेरची माणसं काहीही विचारतात.

१४ मे, शनिवार

बासष्ट. वारा पडला एकदाचा.

परवाचं वादळ मी अडुसष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं. आधी काळ्या धुळीची भिंत आली, मग दिवसा अंधार. कोंबड्यांच्या घराची एक बाजू उडाली, फाटक बिजागरीतून निखळलं, आणि माझी नवीकोरी 'नको म्हणा' पाटी कुठे गेली देव जाणे. हार्लनने दुसरी दिली.

आज सकाळी वेंडेल स्वतःहून येऊन फाटक जोडायला लागला. मी बोलावलं नव्हतं. लंगडत होता. डाव्या बुटाला अंगठ्यापाशी चाकूने भोक पाडलेलं.

"पायाला काय झालं रे?"

"काही नाही. लोखंड पडलं होतं. बरं आहे."

"कधी पडलं?"

"इस्टरच्या आधी. तुम्ही फाटक धरा, बाई, चौकशी नंतर."

मला तो अजून बाई म्हणतो. चर्चच्या रविवारच्या शाळेत तो आठ वर्षांचा होता आणि मी एकोणीस वर्षांची त्याची शिक्षिका, तेव्हापासून. आता तो सत्तावन्नचा आहे. कॉफी तिसऱ्यांदा विचारल्यावर आत आला. डब्यात सँडविचशेजारी औषधाची छोटी बाटली होती. साखरेचा आजार आहे म्हणे. सुई भरताना अर्ध्यावरच थांबला आणि बाटली उजेडात धरून पाहिली.

"अर्धंच?"

"पुरवून वापरतो."

तोंड कसंही असो, माणूस काटकसरी आहे. ऑर्विनसुद्धा सगळं पुरवून वापरायचा. हल्लीच्या पोरांनी घेण्यासारखा गुण आहे. फाटकाचे पैसे विचारले तर म्हणाला, "मग तुमच्या मंडळात ठराव घ्यावा लागेल."

८ जून, बुधवार

अडुसष्ट. पाऊस थोडा.

कालच्या मतदानात हार्लन हरला. म्हणजे त्याचा ठराव. सरकारी खर्च वाढवणाऱ्या प्रस्तावांना यापुढे निम्मी मतं पुरणार नाहीत, शंभरातली साठ लागतील, असं त्यांना करायचं होतं. नोव्हेंबरच्या आधी करायचं होतं, हे सांगायला नकोच. तीनातल्या दोघांनी नाही म्हटलं.

फोनवर तो फार चिडला होता. "आपल्याच लोकांनी, आर्डी! आपल्याच पक्षाच्या लोकांनी!"

मी त्याला सांगून टाकलं की मीही नाहीच म्हटलं. पत्त्यांचा डाव अर्ध्यावर आला असताना हुकूम बदलत नाहीत. आईने आपल्याला हेच शिकवलं. नोव्हेंबरात सरळ डाव खेळू आणि सरळ जिंकू. तो म्हणाला, "तू लहानपणीसुद्धा माझ्याबरोबर असून माझ्याविरुद्ध खेळायचीस."

२६ जून, रविवार

नव्वद. गवत वाळायला छान.

पाद्रीबाई वेंडेलकडे जाऊन आल्या. दारातच शिव्या खाल्ल्या, पण पाय पाहून आल्या. काळा पडतोय म्हणाल्या. विमा नाही, डॉक्टरकडे गेलेला नाही. मला म्हणाल्या, "आर्डिस, तुमची जेवणं."

दुपारी गेले. सरळ विचारलं. "वेंडेल, तुझ्यासाठी तळघरात जेवण ठेवू का?"

"नको."

ही पहिली वेळ झाली. पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात.

११ जुलै, सोमवार

ऐंशी. दमट.

दुसऱ्यांदा गेले. तो लोखंडी स्टुलावर बसून वेल्डिंग करत होता, पाय उलट्या बादलीवर ठेवलेला.

"जेवण ठेवू का, वेंडेल? सप्टेंबरात करू. केक मी जमवते."

"आणि मी काय करू? दारात उभा राहून प्रत्येकाला थँक्यू म्हणू? ज्यांनी माझ्या कठड्याच्या रंगावर सभा घेतल्या त्यांना? नको, बाई. मी मरेन तेव्हा केक खा."

इथे कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते. घरी येताना मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनातल्या मनात मोजत होते, त्याच्या जेवणाला कोण येईल? हार्लन येईल. पाद्रीबाई. मी. पुढचं बोट दुमडत नव्हतं. दोनशे खुर्च्या मांडायच्या आणि तिघांनी पॅनकेक खायचे. त्यापेक्षा नको म्हणाला तेच बरं.

तिसऱ्यांदा विचारायला हवं. विचारीन. गवताची कापणी होऊ दे.

६ ऑगस्ट, शनिवार

ब्याण्णव. काउंटीची जत्रा.

आमचा स्टॉल गुरांच्या मांडवाशेजारी होता. मी एकतीस नावं वाचून दाखवली. टाळ्या पडल्या, दोन बायका रडल्या. हार्लन छान बोलला. वॉशिंग्टन आज देतं आणि उद्या हात वर करतं, मग शाळांचे आणि वृद्धाश्रमांचे पैसे तोडून हे भागवायचं का, असं त्याने विचारलं. मला ते तेव्हाही पटलं आणि आत्ता लिहितानाही पटतं आहे.

मग वेंडेल आला, काठी टेकत. स्टॉलच्या टेबलाचा सांधा सकाळी त्यानेच जोडून दिला होता, हार्लनने सांगितलं म्हणून. पत्रक उचलून त्याने मोठ्याने वाचलं. "'धडधाकट माणसाने काम करावं.' बरोबर आहे. मी उद्यापासून करायला लागतो."

कुणीतरी हसलं. त्याने पत्रकाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि गेला. मला हाक मारायची होती, पण तेवढ्यात केकला माश्या लागल्या.

३ सप्टेंबर, शनिवार

पंच्याहत्तर.

वेंडेलला गुरुवारी अँब्युलन्सने शहरात नेलं. हार्लनलाच तो त्याच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेला सापडला, ताप डोक्यात गेलेला. डाव्या पायाची दोन बोटं कापली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, जूनमध्ये आला असता तर बोटंही राहिली असती.

जूनमध्ये.

काल पाद्रीबाई आल्या. मी त्यांना म्हटलं, "मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

"मग?"

"तो नको म्हणाला."

"मग झालं तर. नको म्हणजे नको."

"तुमच्याकडे!" मी ओरडलेच. "तुमच्याकडे नको म्हणजे नको. आमच्याकडे दुसरं नको म्हणजे नको नसतं! ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तो तिसऱ्यांदाची वाट बघत असेल, आणि मी गवत कापत बसले."

ऑर्विनच्या दफनालाही मी चारचौघांत रडले नव्हते, आणि या बाईसमोर रडले. पाद्रीबाईंनी काही शहाणपणाचं बोलायचा प्रयत्न केला नाही. दोन वड्या खाल्ल्या आणि माझा हात धरून बसल्या.

नंतर त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी आधी ऐकली नव्हती. सरकारी सवलतीचा विमा विकत मिळतो ना, तो वेंडेलला का मिळत नाही? तर त्याची कमाई त्या सवलतीसाठी फार कमी आहे. जास्त नाही, कमी. जरा जास्त कमावता तर सवलत मिळाली असती. मी तीनदा विचारलं, म्हणजे चुकून उलटं तर बोलत नाही ना. नाही. इतका गरीब की मदत मिळू शकत नाही. हे असं कुणी लिहिलं असेल?

२० सप्टेंबर, मंगळवार

सत्तर. वारा.

हार्लनला तेच विचारलं.

"वॉशिंग्टनने लिहिलं," तो म्हणाला. "त्यांना वाटलं सगळी राज्यं मुकाट्याने विमा वाढवतील, मग खालच्यांची सोय कशाला बघा. त्यांनी घोळ घालायचा आणि आपण निस्तरायचा?"

"निस्तरायचं कुणी मग?"

"आपण. शेजारी. आर्डी, सहा हिवाळे झाले, मी त्याच्या दारातला बर्फ काढतो. पहाटे, त्याला कळायच्या आत. सरकार येणार आहे का बर्फ काढायला?"

हे मला माहीत नव्हतं. माझा भाऊ चांगला माणूस आहे. ते मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं वाक्य मी त्याला फार कडू बोलले.

"बोटं बर्फाने नाही गेली, हार्लन."

कॉफी अर्धी टाकून तो उठला. तीनदा थांब म्हटलं, थांबला नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

एकतीस. पहिलं दव गोठलं.

थंडी सुरू झाली आणि कोंबड्यांच्या घराची ती बाजू अजून उघडीच होती. घरात पत्रा नव्हता. अंगणातल्या पाटीचं प्लास्टिक चांगलं जाड आहे, म्हणून ती काढून ठोकली. अक्षरं आतल्या बाजूला. एक पाटी पुरली नाही. गोठ्यात वाटायच्या चाळीस राहिल्या होत्या. त्यातल्या आणखी सहा लागल्या. उरलेल्या वाटायला वेळ झाला नाही, भोपळे काढायचे होते. मग त्याही भोपळ्यांखाली अंथरल्या, ओल लागू नये म्हणून.

हार्लन गाडीतून जाताना हळू झाला. अंगणाकडे पाहिलं, कोंबड्यांच्या घराकडे पाहिलं.

"पाटी कुठे गेली?"

"कोंबड्यांना वारा लागत होता."

"कोंबड्यांना," तो म्हणाला. पुन्हा एकदा तिकडे पाहिलं. मग म्हणाला, "वरचा कोपरा नीट ठोक. उडेल." आणि गेला.

यात राजकारण काही नाही. कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या होत्या.

९ नोव्हेंबर, बुधवार

अठ्ठावन्न. नोव्हेंबरच्या मानाने फार ऊब.

ठराव मंजूर झाला. शंभरातल्या छप्पन्न लोकांनी हो म्हटलं. हार्लनची ती साठची अट जूनमध्ये लागू झाली असती तर पडला असता.

मी काय केलं ते इथेही लिहीत नाही. मत गुप्त असतं आणि ऑर्विनलाही मी कधी सांगितलं नाही. त्या आडोशापाशी मी जरा जास्त वेळ उभी राहिले एवढं खरं, मागचा माणूस खाकरला.

सकाळी साडेसहाला हार्लनचा फोन आला. "हरलो, आर्डी."

"हो का," मी म्हटलं. "वाईट झालं."

"आवाज कसला येतोय?"

"काही नाही. वड्या करते आहे. लिंबं उरली होती."

"किती ताटं?"

"तीन."

तो हसला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. "एक ताट माझ्यासाठी ठेव," म्हणाला.

२४ डिसेंबर, शनिवार

शून्याखाली अकरा. आठवडाभराचं हिमवादळ काल थांबलं.

ख्रिसमसची प्रार्थना झाली. गाण्याच्या वेळी मी खिडकीतून पाहिलं, तर उताराच्या पायथ्याशी वेंडेलचा ट्रक उभा. इंजिन चालू, काच दोन बोटं खाली केलेली. वर यायचं तर उतारावर बर्फ आणि धरायला काही नाही. कठडा त्याच्याच घरामागे पडलेला आहे.

मी डबा घेऊन खाली गेले. मी हाक मारण्याआधीच त्याने काच वर केली. मी काचेवर टकटक केली, आणि पुन्हा केली, आणि पुन्हा केली. तिसऱ्यांदा काच खाली आली.

"बेसूर गातात," तो म्हणाला आणि डबा घेतला.

१० जून २०२३, शनिवार

सत्याहत्तर.

बियाणं कंपनीची डायरी यंदा आलीच नाही, मीच त्यांना कळवलं. ऑर्विनच्या वहीमागची कोरी पानं वापरते आहे.

एक जुलैपासून नवा विमा लागू होतो. पाद्रीबाईंनी अर्ज कसा भरायचा ते शिकवलं आणि कागद दिले. माझी गाडी नेमकी बंद पडली, म्हणून हार्लनला फोन केला. कुठे जायचं आहे ते सांगितलं, कशाला ते नाही. तो आला. माझ्या मांडीवरचे कागद पाहिले आणि सगळा रस्ता मक्याच्या उगवणीबद्दल बोलत राहिला. वेंडेलच्या दारात गाडी थांबवून म्हणाला, "मी इथेच बसतो. मी काही पाहिलेलं नाही."

वेंडेल टेबलाशी बसला होता. मी कागद पुढे ठेवले.

"हे भरू या का?"

"नको. मी सरकारचं काही घेत नाही. फुकटाचं तर नाहीच."

"तू कर भरतोस. फुकटाचं कसं? भरू या का?"

"दुसऱ्या कुणाला द्या. माझ्यापेक्षा गरज असलेले असतील."

झालं, दोन झाले. त्याने चेहरा खिडकीकडे वळवला. औषधाची बाटली खिडकीतच होती, तळाशी जेमतेम थेंबभर उरलेलं. गेल्या वर्षी फाटकाच्या दिवशी त्याने ती उजेडात का धरली होती ते मला आत्ता, तेरा महिन्यांनी, कळलं. आणि मी त्याला काटकसर म्हणून इथे लिहून ठेवलं आहे. ते पान फाडावंसं वाटतं, पण फाडणार नाही.

मी खुर्ची ओढून बसले. पर्स जमिनीवर ठेवली, म्हणजे लवकर उठणार नाही हे त्याला कळावं.

"वेंडेल, गेल्या वर्षी मी दोनदा विचारून थांबले. चुकलं माझं. मला आनंद झाला होता तू नको म्हणालास म्हणून, हेही सांगते. आता तिसऱ्यांदा विचारते. भरू या का?"

फ्रिज घरघरत होता. बाहेर हार्लनने गाडीचं इंजिन बंद केलं.

"आजोबा म्हणायचे," वेंडेल शेवटी म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारणारा खरंच विचारत असतो." मग त्याने नाक पुसलं. "फार त्रास नसेल तर."

"कसला त्रास."

"पेन आहे?"

पेन होतं. अर्जात एक प्रश्न होता: गेल्या दोन वर्षांत पैशांअभावी औषध कमी घेतलं का? तो म्हणाला, "तुम्हीच लिहा, बाई. तुम्ही पाहिलंय." मी लिहिलं, हो.

मग त्याने कॉफी विचारली. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याने खिडकीतून ओरडून विचारलं, "आणि त्या सिनेटरला पण हवी का?" हार्लनने तिथूनच दोनदा नको म्हटलं आणि आत आला. तिघे बसलो. मक्याबद्दल बोललो.

२ जुलै, रविवार

चौऱ्याहत्तर. वारा नाही. स्वच्छ.

प्रार्थनेला पोचले तर उताराच्या तळाशी सगळे उभे. कठडा जागेवर होता. तोच जुना, घासून लखलखीत केलेला, खालचे सांधे नवे. डावीकडची दांडी पूर्वीपेक्षा वीतभर खाली आणली आहे, ज्याला त्या पायावर भार देता येत नाही त्याच्या हाताशी येईल अशी. रंग दिलेला नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "छान आहे. आता पांढरा द्यायचा की..."

"तोंड बंद ठेवा," मी म्हटलं. चर्चच्या दारात मी असं पहिल्यांदाच बोलले. पाद्रीबाई म्हणाल्या, "आमेन."

वेंडेल आत होता, शेवटच्या बाकावर, कोट घालून, कुणाकडेही न बघता. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा तोही गायला. तोही बेसूरच गातो.

परत जाताना मी कठडा धरून उतरले. मला गरज नव्हती, तरी धरला. उन्हाने तापला होता. यासाठी त्याला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.